यंत्राला सीमा कोणी शिकवल्या?

संगणकावरील राज्यविस्ताराच्या खेळांविषयी या पृष्ठावर लेख यावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव हे विषय सोडून पोरांच्या खेळण्यावर शाई कशाला खर्च करायची, असे ते विचारतील. प्रश्न रास्त आहे. परंतु ज्या खेळापुढे आपल्या घरातील चौदा-पंधरा वर्षांची मुले रात्र रात्र बसतात, राज्य म्हणजे काय, जमीन म्हणजे काय आणि शेजारी म्हणजे काय याची पहिली समजूत ज्यातून त्यांना मिळते, तो खेळ म्हणजे एक पाठ्यपुस्तकच होय. पाठ्यपुस्तकात काय गृहीत धरले आहे हे तपासणे, तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाचे कामच आहे.

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझा नातू ‘सिव्हिलायझेशन’ मालिकेतील सहावा खेळ खेळत होता आणि मी शेजारी बसून पाहत होतो. नदीकाठी त्याने दोन शहरे वसवली होती. दोहोंच्या मध्ये थोडी मोकळी जागा त्याने पुढच्या शहरासाठी राखली होती. इतक्यात संगणकाने चालवलेल्या एका राजाचा निरोप आला, की तुमची वसाहत आमच्या फार जवळ येत आहे, हे आम्हांला रुचत नाही. नातवाने मुकाट्याने आश्वासन दिले. पुढे काही खेळ्या जातात न जातात तोच, त्याच राजाचे वसाहतकार लांबचा वळसा घालून आले आणि नातवाच्या दोन शहरांमधल्या त्या मोकळ्या जागेत त्यांनी आपले शहर उभे केले. नातू संतापला. “आजोबा, हा कॉम्प्युटर चीटिंग करतो! मला सांगतो जवळ येऊ नको आणि स्वतः माझ्या घरात घुसतो!”

मी त्याला म्हणालो, की तो लबाडी करत नाही. त्याला जे शिकवले आहे तेच तो निष्ठेने करतो आहे. हे उत्तर त्याला पटले नाही. त्याला पटवताना जे सांगावे लागले, ते येथे मांडतो.

तक्रार आणि तिचे दोन जबाब

नातवाची तक्रार त्याच्या एकट्याची नाही. या जातीचे खेळ खेळणारे लोक वर्षानुवर्षे हेच गाऱ्हाणे मांडत आले आहेत, की संगणकी प्रतिस्पर्ध्याला सीमांची चाड नाही. तो तुमच्या उंबरठ्याशी येऊन वस्ती करतो, तुमचे सैन्य त्याच्या सीमेजवळ दिसले की कांगावा करतो आणि स्वतःचे सैन्य मात्र तुमच्या वेशीवर खुशाल उभे करतो.

या तक्रारीला दोन जबाब दिले जातात. पहिला जबाब तंत्रज्ञांचा : यंत्र अजून पुरेसे हुशार नाही, त्याला अधिक हुशार केले की प्रश्न मिटेल. दुसरा जबाब व्यवहारी म्हणवणाऱ्या लोकांचा : यात यंत्राचा दोष नाही, मनुष्यस्वभावच असा आहे, राज्ये अशीच वाढतात आणि खेळ फक्त आरसा दाखवतो. माझे म्हणणे असे आहे, की हे दोन्ही जबाब चुकीचे आहेत आणि दुसरा जबाब चुकीचा असून शिवाय घातकही आहे. यंत्र मूर्ख नाही आणि ते मनुष्यस्वभावाचा आरसाही नाही. इतिहासातील एका विशिष्ट कालखंडाचा, एका विशिष्ट व्यवस्थेचा जमिनीविषयीचा जो कायदा होता, त्या कायद्याचा तो अत्यंत आज्ञाधारक कारकून आहे.

रेषेच्या आत आणि रेषेबाहेर

आधी खेळातली सीमा म्हणजे काय ते पाहू. सिड मायर यांचा पहिला ‘सिव्हिलायझेशन’ १९९१ साली आला, तेव्हा नकाशावर राज्याच्या सीमा आखलेल्याच नव्हत्या. शहरे होती, सैन्ये होती, आणि मधे सगळे मैदान. १९९९ च्या ‘अल्फा सेंटॉरी’ या खेळात सीमारेषा आल्या. २००१ च्या तिसऱ्या ‘सिव्हिलायझेशन’मध्ये शहराच्या सांस्कृतिक प्रभावाप्रमाणे सीमा आपोआप पसरू लागल्या. २००५ च्या चौथ्या खेळात खुल्या सीमांचा करार आला. करार नसेल तर शांततेच्या काळात दुसऱ्याच्या हद्दीत सैन्य पाऊलच टाकू शकत नाही. २०१० च्या पाचव्या खेळात तर सीमेलगतचे एकेक षट्कोनी घर सोन्याची नाणी मोजून विकत घेण्याची सोय झाली. ही रक्कम कोणाला पोचते? कोणालाच नाही. कारण त्या घराला आधीचा मालक आहे, असे खेळ मानतच नाही. विक्रेत्यावाचून झालेली ही खरेदी अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तरी खटकायला हवी.

आता संगणकी प्रतिस्पर्ध्याचे वर्तन पाहा. खेळाचा अगदी आरंभीचा काळ सोडला, तर शांतता असताना तो तुमची रेषा करारावाचून एकदाही ओलांडत नाही. ओलांडूच शकत नाही; तेथे नियम त्याचे पाय बांधून ठेवतो. म्हणजे ज्याला आपण सीमांची चाड नसलेला म्हणतो, तो प्रत्यक्षात रेषेचा अक्षरशः मान राखतो. तो मान राखत नाही तो रेषेबाहेरच्या जागेचा. नातवाने मनाशी राखून ठेवलेली नदीकाठची जागा त्याच्या दृष्टीने नातवाची नव्हती, कारण तिच्यावर रंग चढलेला नव्हता. आणि ज्यावर रंग नाही ते बेवारशी, हा त्या यंत्राचा पहिला आणि शेवटचा सिद्धांत आहे.

यात गूढ काहीच नाही. चौथ्या ‘सिव्हिलायझेशन’च्या अंतरंगातील बरीच आज्ञावली २००६ मध्ये खेळाडूंसाठी खुली करण्यात आली. जिज्ञासूने ती उघडून पाहावी. कोठे शहर वसवावे हे ठरवताना यंत्र प्रत्येक घराची किंमत काढते : धान्य किती, उत्पादन किती, पाणी आहे काय, कोणती खनिजे हाती लागतील. प्रत्येक राजाच्या नावापुढे त्याच्या स्वभावाचे आकडे मांडलेले आहेत. सीमा एकमेकींना भिडल्या की या राजाचे मन किती कलुषित व्हावे, त्याचा एक आकडा. शेजारी किती दुबळा असला म्हणजे त्याच्यावर चढाई करावी, त्याचा दुसरा आकडा. सीमा भिडल्यामुळे तणाव आहे, असे तो राजा तुम्हांला ऐकवतो; पण त्या सीमा त्यानेच पुढे सरकवून भिडवल्या असल्या तरी तो तेच ऐकवतो. ढोंग करायला मन लागते. येथे मन नाही, फक्त दोन स्वतंत्र हिशेब आहेत. तुझी वस्ती माझ्याजवळ आली तर नाराजीच्या खात्यात वजावट. माझी वस्ती तुझ्याजवळ गेली तर धान्य-खनिजांच्या खात्यात जमा. ही दोन खाती एकमेकांशी ताडून पाहण्याचे कलम कोणी लिहिलेलेच नाही.

पाचव्या खेळात तुमचे सैन्य सीमेजवळ जमले की संगणकी राजा विचारतो, की हल्ला करणार आहात की नुसते वाटेने चालला आहात? वाटेने चाललो आहे असे सांगून नंतर हल्ला केलात, तर वचनभंगाचा डाग तुमच्या नावावर लागतो. शब्द मोडल्याला किंमत आहे, हे चांगलेच. पण त्या मोकळ्या मैदानात आधी कोणी राहत होते काय, असा प्रश्न कोणताही राजा कोणत्याही खेळात विचारत नाही. किंमत आहे ती रेषा आखू शकणाऱ्यांनी एकमेकांना दिलेल्या शब्दाला.

म्हणूनच तंत्रज्ञांचा जबाब मला मान्य नाही. यंत्र हुशार केले म्हणजे ते मोकळी जागा अधिक कुशलतेने बळकावील. बळकावणे थांबवणार नाही. शिवाय आजवर या खेळांत कठीण पातळी म्हणजे काय, तेही पाहण्यासारखे आहे. सहाव्या ‘सिव्हिलायझेशन’च्या सर्वांत कठीण पातळीवर माणूस एक वसाहतकार घेऊन सुरुवात करतो आणि संगणकी प्रतिस्पर्धी तीन. त्याची अक्कल वाढवलेली नाही, त्याचे आरंभीचे भांडवल वाढवले आहे. ज्याच्या हाती आधीच तिप्पट आहे तो मोकळी जमीन आधी गाठतो आणि मग सीमेच्या पावित्र्याची भाषा बोलतो. ही गोष्ट संगणकयुगात प्रथमच घडत आहे, असे कोणा अर्थशास्त्रज्ञाने म्हणू नये.

बेवारशी जमिनीचा कायदा

‘ज्यावर आपल्या ओळखीचा राजा नाही ती जमीन कोणाचीच नाही’ हा सिद्धांत यंत्राने शोधलेला नाही. युरोपीय सत्तांनी त्यावर खंडेच्या खंडे घेतली. १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेत आफ्रिकेविषयीचे नियम ठरले. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नवा ताबा सांगणाऱ्या सत्तेने इतर सत्तांना तसे कळवावे आणि तेथे आपला अंमल प्रत्यक्ष बसवावा, असे त्या परिषदेने ठरवले. कळवायचे कोणाला? टेबलाभोवती बसलेल्या इतर सत्तांना. ज्यांची जमीन होती त्यांच्यापैकी कोणी त्या टेबलाशी नव्हते. आमच्या संगणकी राजाचा शिष्टाचार हुबेहूब हाच आहे.

ऑस्ट्रेलियात ब्रिटिशांनी हेच केले. हजारो वर्षे तेथे राहणाऱ्या लोकांचा जमिनीवर कायद्याने मानावा असा हक्क नव्हता, या गृहीतावर दोन शतके राज्य चालले. १९९२ साली माबो खटल्यात ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने ते गृहीत फेटाळले आणि मूळ रहिवाशांचा भूमिहक्क मान्य केला. पहिला ‘सिव्हिलायझेशन’ त्याच्या आदल्याच वर्षी बाजारात आला होता. न्यायालयाने जे मोडीत काढले ते खेळाने उचलून घेतले आणि आज तीन दशकांनंतरही जपून ठेवले आहे.

मोकळ्या म्हटलेल्या मैदानात खेळ कोणाला ठेवतो ते पाहा. एक, आदिवासींची खेडी. आपला शिपाई तेथे पोचला की खेड्याकडून सोने, ज्ञान किंवा असाच काही नजराणा मिळतो आणि खेडे नकाशावरून नाहीसे होते. कोठे गेले, हे कोणी विचारत नाही. दोन, ‘रानटी’ टोळ्या. त्यांना तळ असतात, शस्त्रे असतात, पण सीमा नसते. त्यांच्याशी तह नाही, त्यांना मारण्याचा डाग नाही. २०२१ मध्ये या टोळ्यांना जरा माणसात आणणारा एक पर्याय सहाव्या खेळात आला. त्यात टोळीला लाच देता येते, भाड्याने सैनिक घेता येतात आणि काळ गेला की तिचे नगरराज्य बनते. सुधारणा स्वागतार्ह आहे. परंतु तिचा अर्थ नीट वाचावा : भिंत बांधली, शहर झाले, रेषा आखली, की मगच तो समाज मानला जाणार.

२०२५ साली आलेल्या सातव्या खेळात ‘रानटी’ हा शब्दही गेला आणि ‘स्वतंत्र सत्ता’ असे सभ्य नाव आले. या सत्तांशी मैत्री करता येते. नको असेल तर त्यांना ‘पांगवता’ येते. आज्ञेचे इंग्रजी नाव ‘डिस्पर्स’ असे आहे. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड वसाहतीत देशी पोलीस नावाचे दल होते. मूळ रहिवाशांना गोळ्या घालून मारल्यावर वरिष्ठांना पाठवायच्या अहवालात याच क्रियापदाची रूपे वापरण्याची तेथे रीत होती. खेळातील आज्ञेला नाव देणाऱ्यांना हा इतिहास ठाऊक होता, असा आरोप मी करत नाही. ठाऊक नसतानाही हाताला नेमका तोच शब्द लागावा, याची मला अधिक चिंता वाटते.

आणि हा एका मालिकेचा दोष नव्हे. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स कंपनीचा २०१३ चा ‘युरोपा युनिव्हर्सालिस’ हा चौथा खेळ या बाबतीत अधिक विचारी मानला जातो, आणि काही अंशी तो आहेही. तेथे शेजाऱ्याच्या प्रांतावर हक्क सांगण्यासाठी हेर पाठवून खोटा दावा रचावा लागतो; निदान खोट्याला खोटे म्हटले आहे. तेथे एखाद्या राज्याने भराभर प्रांत गिळले, तर भोवतालची संगणकी राज्ये धास्तावतात आणि त्याच्याविरुद्ध आघाडी करतात. सीमा ही सर्वांची समाईक चिंता आहे, हे तेथल्या यंत्राला थोडेसे कळते. परंतु हाच खेळाडू अमेरिकेच्या किंवा आफ्रिकेच्या ‘रिकाम्या’ प्रांतात वसाहत करू लागला, की ती धास्ती शून्य. त्या रिकाम्या प्रांताच्या माहितीत मूळ रहिवाशांची संख्या लिहिलेली असते, ते किती आक्रमक आहेत हेही लिहिलेले असते, त्यांच्यावर हल्ला करण्याची आज्ञाही सैन्याला देता येते. इतके सारे लिहूनही प्रांत रिकामाच! एका जर्मन परगण्यासाठी सारा युरोप खवळतो आणि एका अख्ख्या किनाऱ्यासाठी एकाही राजाची भुवई उंचावत नाही. इतिहासात असेच झाले, असे कोणी म्हणेल. झाले खरे. मग ‘झाले’ असे सांगा. ‘रिकामे होते’ असे सांगू नका.

पाउंडमेकरची गोष्ट

कोणाला वाटेल, की हा म्हातारा खेळातल्या शब्दांचा कीस काढतो आहे. म्हणून एक प्रत्यक्ष माणूस समोर ठेवतो.

कॅनडाच्या गवताळ प्रदेशात क्री नावाचे लोक राहतात. १८७६ मध्ये कॅनडा सरकार त्यांच्याशी सहाव्या क्रमांकाचा तह करायला आले. सरकारचे म्हणणे असे, की तुमच्या कुटुंबांना आम्ही राखीव जमिनीचे मोजून तुकडे देऊ. तेव्हा पाउंडमेकर हा तरुण नेता उभा राहिला. त्याच्या बोलण्याचा आशय असा होता, की ही भूमी आमची आहे. ती काही सुक्या मांसाची वडी नव्हे, की तुम्ही ती कापावी आणि लहानसा तुकडा आम्हांलाच परत द्यावा. १८८५ च्या उठावात कॅनडाच्या सैन्याने त्याच्या तळावर हल्ला केला आणि मार खाऊन ते परत फिरले. पळणाऱ्या सैनिकांचा पाठलाग करू नका, म्हणून त्याने आपल्या लोकांना आवरले. त्याबद्दल त्याला काय मिळाले? राजद्रोहाची शिक्षा आणि तुरुंग. १८८६ मध्ये तो सुटला तो खंगलेल्या शरीराने, आणि त्याच वर्षी वारला. २०१९ मध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांनी त्याला दोषमुक्त जाहीर केले.

या पाउंडमेकरला २०१८ साली सहाव्या ‘सिव्हिलायझेशन’च्या पुरवणीत क्री लोकांचा राजा म्हणून घेण्यात आले. त्याच्या लोकांना खेळात खास गुण कोणता दिला? क्री व्यापारी मालाची गाडी घेऊन निघाला आणि क्री शहरापासून तीन घरांच्या आतल्या मालक नसलेल्या जागेत शिरला, की ती जागा क्री राज्याची होते! भूमी कापून वाटायची वस्तू नव्हे असे जो तहाच्या सभेत म्हणाला, त्याच्याच नावाने आता व्यापाऱ्याचे चाक फिरेल तेथवर जमीन खालसा होते.

व्यापाराच्या वाटेने जमीन घेणारे त्या प्रदेशात खरोखर कोणी होते काय? होते. हडसन बे कंपनी. १६७० मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाने, स्वतः कधी न पाहिलेला, हडसन उपसागराला मिळणाऱ्या नद्यांचा सारा मुलूख सनदेने या कंपनीला देऊन टाकला. दोनशे वर्षे कातड्यांचा व्यापार करून कंपनीने १८७० मध्ये तो मुलूख तीन लाख पौंडांच्या बदल्यात कॅनडाच्या हवाली केला. त्या सौद्यात क्री लोकांना कोणी विचारले नव्हते. तागडी घेऊन आलेल्या कंपनीने तख्त कसे घेतले, हे आम्हां भारतीयांना कोणी नव्याने शिकवण्याची गरज नाही. खेळाने कंपनीचे पाप उचलून क्री लोकांचा गुण म्हणून त्यांच्या पदरात घातले.

हे केवळ माझे मत नव्हे. पाउंडमेकर क्री नेशनचे एक पुढारी मिल्टन टूटूसिस यांनी त्याच वेळी जाहीर आक्षेप घेतला. इतरांना जिंकणे आणि त्यांची भूमी मिळवणे, ही वसाहतवाद्यांची मूल्ये आमच्या पूर्वजांचीही होती, असा गैरसमज हा खेळ पसरवतो, असे त्यांचे म्हणणे होते. कोणी म्हणेल, की क्री लोकांना खेळात घेतले हा त्यांचा सन्मानच नाही काय? सन्मान खरा, पण त्याची अट पाहा. यंत्राच्या हिशेबात बसण्यासाठी पाउंडमेकरला आधी पाउंडमेकर असणे सोडावे लागले.

मनुष्यस्वभावाची ढाल

आता व्यवहारी लोकांच्या जबाबाकडे येतो. राज्ये अशीच वाढतात, हा मनुष्यस्वभाव आहे, असे ते म्हणतात. मी विचारतो : कोणत्या मनुष्याचा? या जातीच्या खेळांना ‘फोर-एक्स’ म्हणतात. हे नाव १९९३ मध्ये ॲलन एमरिक या समीक्षकाने रूढ केले. त्यातली चार इंग्रजी क्रियापदे अशी : शोध घ्या, विस्तार करा, उपसा करा, निःपात करा. हे मनुष्यस्वभावाचे वर्णन नाही. हा एका कंपनीच्या संचालक मंडळाचा कार्यक्रम आहे. तो कार्यक्रम विजयाची अट म्हणून लिहून द्यायचा, यंत्राला त्यात गुंतवायचे आणि मग यंत्र तसे वागले की स्वभावाकडे बोट दाखवायचे, हा तर्क वर्तुळात फिरणारा आहे. विज्ञानाने, संस्कृतीने किंवा मुत्सद्देगिरीनेही जिंकता येते, असे खेळाचे समर्थक सांगतील. खरे आहे. पण त्या सर्व वाटांना शहरे लागतात आणि शहरांना जमीन लागते. वाटा चार, नाका एकच.

लेनिनने १९१६ मध्ये साम्राज्यवादावर लिहिताना दाखवले होते, की जगाची वाटणी पुरी झाली की पुढे फक्त फेरवाटणी उरते आणि फेरवाटणी युद्धाने होते. या खेळांचा प्रत्येक डाव याच क्रमाने जातो. पहिल्या भागात मोकळी जमीन संपते, दुसऱ्या भागात तोफा निघतात. १९१६ मध्ये हे एका व्यवस्थेवरचे आरोपपत्र होते. खेळाने आरोपपत्रातली कलमे घेऊन त्यांची नियमावली केली आणि वर लिहिले : असेच चालते.

मनुष्य याहून वेगळाही वागत आला आहे. पावसाळा सरला की पुणे-साताऱ्याकडचे धनगर मेंढरे घेऊन घाट उतरून कोकणात जात आले आहेत. भात कापलेल्या खाचरांत ते मेंढरे बसवतात. शेतकऱ्याला खत मिळते, धनगराला भात मिळते. जमीन शेतकऱ्याची, पण त्या दिवसांपुरता तिचा उपयोग दोघांचा. या व्यवहारात भांडणे होत नाहीत असे नाही, आणि तो फार सुखाचा आहे असेही नाही. पण तो शतकानुशतके चालला, आणि खेळाच्या नकाशावर तो दाखवताच येत नाही. तेथे एक घर एकाच वेळी दोघांचे असू शकत नाही. गायरान नाही, समाईक पाणवठा नाही, ऋतूप्रमाणे बदलणारा हक्क नाही. घर एक तर कोणा एकाचे, नाही तर अजून कोणाचे व्हायचे राहिलेले.

एका गोष्टीचे श्रेय दिले पाहिजे. २०१८ च्या त्याच पुरवणीत निष्ठेचा नियम आला. शहराची निष्ठा संपली की ते राज्यातून फुटून निघते. उगाच दुसऱ्याच्या कुशीत शहर वसवणाऱ्या संगणकी राजाला यामुळे जरब बसेल, अशी कल्पना. झाले असे, की तो तरीही वसवतो आणि पुष्कळदा ते शहर गमावतो. पण निष्ठा कशाने ठरते? मुख्यतः भोवतालच्या नऊ घरांच्या आतली लोकसंख्या आणि तिचे अंतर यांवरून. शिवाय सुखसोयी आणि नेमलेला सुभेदार. जनता मोठ्या शेजाऱ्याच्या वजनाने कलते, लोहचुंबकाकडे टाचण्या कलाव्यात तशी. तिला भाषा नाही, सभा नाही, मोर्चा नाही. महाराष्ट्रातील वाचकाला हे पटेल काय? १९५६ ते १९६० या काळात येथील कामगार आणि शेतकरी गोळ्यांना सामोरे गेले, मुंबईसह महाराष्ट्र मिळवला, तो कोणाच्या लोकसंख्येचा दाब पडला म्हणून नव्हे. बेळगावकडील सीमाप्रश्न त्यातून सुटला नाही, हे दुःख आहेच. पण त्या प्रश्नात बोलणारी माणसे आहेत. सीमा माणसे मागतात, नाकारतात, तिच्यासाठी मरतात आणि कधी ती पुसूनही टाकतात, ही साधी गोष्ट यंत्राला ठाऊक नाही, कारण ती कोणी त्याला सांगितलेली नाही.

मग करायचे काय?

खेळ बंद करा, असे मी म्हणत नाही. बंदीने काही साधत नाही, आणि खरे सांगायचे तर माझ्या नातवाला नद्यांची, खनिजांची आणि जुन्या राजधान्यांची जी माहिती आहे, ती त्याच्या वयाचा असताना मला नव्हती. ती याच खेळाने दिली. मला आक्षेप आहे तो ‘नुसता खेळ आहे’ या वाक्याला. ज्याला एक कोटी वेळा तोच हिशेब करायला लावला, त्याला तो हिशेब निसर्गनियम वाटू लागतो. उद्या हीच मुले धरणाच्या, खाणीच्या, विमानतळाच्या नकाशावर पांढरा भाग पाहतील आणि जागा मोकळी आहे असे म्हणतील. त्या पांढऱ्या भागात पाडे असतील, वहिवाटीची कुरणे असतील, पिढ्यान्‌पिढ्या कसलेली पण सातबाऱ्यावर न चढलेली शेते असतील. नकाशा पांढरा का दिसतो हा प्रश्न ज्यांना लहानपणी कोणी विचारला नाही, ते मोठेपणी तो स्वतःहून विचारतील, अशी आशा करणे भाबडेपणाचे आहे.

खेळ बनवणाऱ्यांकडे मागणी एवढीच, की रिकामी जमीन ही कल्पना त्यांनी नियमावलीतून काढावी. जेथे माणसे आहेत तेथे त्यांना माणसे म्हणून मांडावे. समाईक हक्काला नकाशावर जागा द्यावी. दुर्बळाची भूमी घेताना इतर राजांना जी धास्ती वाटत नाही ती वाटू द्यावी. हे तंत्राला अशक्य नाही. जे यंत्र शेजाऱ्याचे सैन्य किती दुबळे आहे ते मोजते, ते जमिनीवर कोणाची वहिवाट आहे तेही मोजू शकेल. आजवर कोणाला ते मोजावेसे वाटले नाही, इतकेच.

आणि ते करीपर्यंत काम आपले आहे. ज्या घरात हे खेळ आहेत त्या घरातील वडीलधाऱ्यांनी एखादी संध्याकाळ मुलाशेजारी बसावे. सुटीच्या शेवटच्या दिवशी नातवाने मला विचारले, “पण आजोबा, मोकळी जागा दिसली तर मग मी करू तरी काय?” मी म्हटले, आधी तेथे कोण होते ते बघ. त्याने नकाशा मागे-पुढे सरकवून पाहिला आणि म्हणाला, “गेममध्ये ते बघताच येत नाही.”

त्याचे म्हणणे अगदी बरोबर आहे. माझी तक्रार हीच आहे.